पाहुण्यांची न्हाणी

आमच्या तुळजापुरात आंघोळीची जागा ही कुणाच्या अब्रूची गोष्ट कधीच नव्हती. देवीला येणारी माणसं पायऱ्या उतरून कुंडात बुडी मारत, ओल्या अंगानं दर्शनाला जात आणि त्यात कुणाला काही कमी वाटत नसे. माझ्या शेजारच्या पुजाऱ्यांच्या घरी नवरात्रात गाडीभर माणसं उतरत. त्या सगळ्यांच्या आंघोळी आडाच्या कडेला, एका दगडावर, बांबूच्या तट्ट्याआड उरकत. अशा गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहणाऱ्या मास्तरानं पाहुण्यांसाठी न्हाणी नवी करायला काढली, याचं लोकांना हसू आलं असेल तर त्यांचा दोष नाही.

पाहुणी म्हणजे माझी मुलगी. एकुलती एक. तिची आई जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. त्याच उन्हाळ्यात मी तिचं लग्न सोलापुरात करून दिलं. गाव जवळ, घर चांगलं, मुलगा गिरणीच्या दफ्तरात. नवी लग्न झालेली मुलगी पंचमीला माहेरी येते, तशी ती येईल म्हणून मी रव्याचा डबा भरून ठेवला. ती आली नाही. गौरीलाही आली नाही. रव्यात किडे झाले, तो मी गल्लीतल्या कोंबड्यांना टाकला.

आमच्या शाळेतला कारकून दर पंधरवड्याला सोलापूरला जायचा. गौरीनंतर तो निरोप घेऊन आला.

"मास्तर, विहीणबाई भेटल्या. म्हणल्या, यायचं काय न्हाय, पण तिथं बायकामाणसाच्या आंघोळीची धड सोय न्हाय म्हणं. तरटाआड न्हावं लागतं."

"असं म्हणाल्या?"

"म्हणल्या खऱ्या. त्यांच्याकडं नळ हाय ना."

मला बरं वाटलं. ऐकायला विचित्र आहे, पण मुलगी येत नाही याचं कारण चुना आणि पत्रा लावून दूर होण्यासारखं निघालं, याचा मला आनंद झाला. हीच मुलगी त्याच तरटाआड आंघोळ करून लहानाची मोठी झाली होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण दुरुस्त करता येण्यासारखं कारण हाती आलं की ते खरं आहे का, हे कोण विचारतो. आता दिवाळी राहिली होती, पहिला दिवाळसण. तेव्हाही ती आली नाही तर पुढं येणारच नाही, अशी माझ्या मनानं खूणगाठ बांधली होती.

न्हाणी स्वयंपाकाच्या खोलीमागं होती. तिन्ही बाजूंना छातीएवढ्या भिंती, समोर उघडं, तिथं तरट. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात पाणी जायला भोक आणि भोकापलीकडं अळू. बायको गेल्यापासून मी तिथं गोवऱ्या रचत होतो. माझी स्वतःची आंघोळ अंगणातल्या आडावरच होई.

खर्च करण्यासारखी माझी स्थिती नव्हती, लग्नानं खिसा झाडून घेतला होता. पण सरकारच्या कृपेनं गावात जुनं सामान भरपूर निघत होतं. निजामी गेली, मग मुंबई राज्य आलं, मग महाराष्ट्र झाला. या काळात आमच्या शाळेची पाटी तीनदा रंगवली गेली आणि छप्पर एकदाही शाकारलं गेलं नाही. पाटीबरोबर फळेही नवे आले. जुन्यांपैकी एक मी निकामी सामानाच्या लिलावात घेतला. चांगल्या सागवानाचा होता. त्याचं दार करायचं ठरवलं.

दुसरं घबाड डाकबंगल्यावर मिळालं. एक मंत्री येणार म्हणून तिथल्या न्हाणीघराला पांढऱ्या चिनी फरश्या बसवल्या होत्या. शिवाय हात धुवायचं बेसिन. बेसिनला नळ होता, नळाला पाणी नव्हतं. म्हणून एक शिपाई बादली घेऊन भिंतीमागं दडून बसला होता, असं सांगतात. मंत्री आले, चहा घेतला, हात रुमालाला पुसले आणि गेले. फरश्या बसवताना फुटलेले तुकडे मागच्या बाजूला ढिगानं पडले होते. चौकीदार म्हणाला, "न्या की, मास्तर. पायाला लागत्यात." मी पोत्यातून आणले.

चुना भिजवला, जुन्या भिंती खरवडून पुरुषभर वर चढवल्या, त्यावर ते तुकडे एकेक करून बसवले. उरलेल्या भिंतीला चुन्यात नीळ घालून हात दिला. घरमालकाच्या पडलेल्या गोठ्याचे पत्रे वरती टाकायला मिळाले, पण ते आखूड होते. तेव्हा समोर तरटाच्या जागी उभारायची नवी, दाराची भिंत आत घेणं भाग होतं. किती आत घ्यायची, हे मी पाट ठेवून, त्यावर बसून ठरवलं. बादली उजवीकडं ठेवली, तांब्या डोक्यावरून ओतून पाहिला, कोपर कुठं लागत नाही ना ते बघितलं आणि कोळशानं फरशीवर रेघ ओढली.

शेजारच्या पुजारीण काकू भिंतीवरून हे सगळं पाहत असत. माझ्या बायकोची त्यांच्याशी मैत्री होती. ती गेल्यावर मला ताकाचा गडगा देण्याचं आणि माझी टर उडवण्याचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं.

"गुसलखाना बांधताय व्हय, मास्तर?"

"न्हाणी आहे. पाहुण्यांसाठी."

"ह्या तुकड्यांनी भिंतीला देवी आल्यागत दिसतंय बघा."

"सोलापूरची माणसं आहेत, काकू. त्यांना सवय असते."

"सोलापूरची माणसं आमच्याकडं दगडावर न्हात्यात अन् वर दक्षिणा देत्यात," असं म्हणून त्या आत गेल्या.

न्हाणी झाल्याचा निरोप कारकुनानं पोचवला आणि चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारच्या मोटारीनं मुलगी आणि जावई आले. मुलगी जराशी भरली होती, आवाज सासरचा झाला होता. मी आधी त्यांना न्हाणीच दाखवली. चहासुद्धा नंतर. तिनं भिंतीवरून हात फिरवला. दार लावून पाहिलं. आतल्या बाजूला फळ्यावरच्या शुद्धलेखनाच्या दुरेघी तशाच होत्या.

"अण्णा, इथं आंघोळ करायची का गिरवायचं?"

जावई हसले. "छान झालंय, मामा," असं म्हणाले. ते मुळात शांत गृहस्थ होते. मुलगी मात्र चुलीपाशी गेली, कोनाड्यातले डबे उघडून पाहिले, पुन्हा लावले.

पहाटे मी बंब पेटवला. काकू तेलाची वाटी घेऊन आल्या. जावयाच्या टाळूवर तेल घालायला घरात बाईमाणूस नव्हतं, तो मान त्यांचा. मुलीनं उटणं कालवलं, निरांजन लावलं. मी कौतुकानं फळ्याचं दार उघडलं, आत पाट ठेवला, पाटाभोवती रांगोळी काढायला जागा उरली नाही म्हणून ती दाराबाहेर काढली. जावई आत जाऊन बसले.

ते बरोबर मावले. पण बाकी कुणी मावेना. काकूंनी एक पाय आत टाकला तो बादलीत गेला. पाठीला उटणं लावायला मागं शिरायचं तर भिंत. ओवाळायला पुढं उभं राहायचं तर दार.

मुलगी हातात निरांजन घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. म्हणाली, "अण्णा, तेल कुठं उभं राहून लावायचं? आणि पाणी कुणी घालायचं?"

जुन्या न्हाणीत दर दिवाळीला मी पाटावर बसायचो, बायको पाठ चोळायची, मुलगी तांब्यानं पाणी घालायची आणि अर्ध्या आंघोळीला दोघी मिळून ओवाळायच्या. तेव्हा तिथं दाटी व्हायची म्हणून मीच कुरकुर करायचो. रेघ ओढताना यातलं काही मला आठवलं नव्हतं.

"ह्यात जावई मावतोय, मास्तर," काकू पाय झटकत म्हणाल्या. "दिवाळी न्हाय मावत."

जावई पाट उचलून बाहेर आले. "मला अंगणातच बरं वाटेल, मामा. नळाखाली बसून कंटाळा आलाय." खरं होतं की नाही देव जाणे, पण म्हणाले चांगलं. आडाजवळच्या दगडावर पाट मांडला, काकूंनी तेल लावलं, मुलीनं उटणं. मी पाणी घातलं. थंडी होती. अंगाची वाफ दिसत होती. नवी न्हाणी दार उघडं टाकून आमच्याकडं बघत राहिली.

उन्हं आल्यावर जावई देवळात गेले. मुलगी माझ्यासमोर बसून पोहे निवडत होती. मी विचारलं, "सोय नव्हती म्हणून येत नव्हतीस ना?"

"कसली सोय?"

"आंघोळीची. तुझ्या सासूबाई म्हणाल्या म्हणे."

तिनं सूप खाली ठेवलं नाही, पण हात थांबला. "त्या मला विचारायच्या, माहेरी का जात नाहीस. काहीतरी सांगावं लागतं. मी न्हाणीचं सांगितलं."

"मग खरं काय?"

"मोटारीतून उतरले की आई नाहीये, हे पहिल्यापासून सुरू होतं, अण्णा. तिकडं असले की वाटतं, इथं आहे ती."

ती पुन्हा निवडू लागली. निवडता निवडता म्हणाली, "काल फळा बघून आईला सांगावंसं वाटलं. ती लई हसली असती."

"हसली असती," मी म्हणालो.

पाडव्याला जावयाकडं त्यांचे लोक यायचे होते, म्हणून दुसऱ्या दिवशीच ते निघाले. मोटारीत चढताना मुलगी म्हणाली, पंचमीला बघते. येते म्हणाली नाही. माझ्या मुलीला खोटं बोलणं फारसं जमत नसे. न्हाणीची थाप तिनं कशी मारली कोण जाणे.

घरी आल्यावर बंबात निखारे अजून धगधगत होते. गरम पाणी वाया जाऊ नये म्हणून मी ते बादलीत काढलं, नव्या न्हाणीत गेलो, फळ्याचं दार लावलं आणि पाटावर बसलो. कोपर कुठं लागलं नाही. तांब्या भरून डोक्यावर घेतला. माझ्यासाठी ती जागा अगदी पुरेशी होती.