उरैवानचा उलटा नवस

आमच्या शेजारच्या उरैवानला तुम्ही वाचनालयात पाहिलंत तर म्हणाल, काय शांत बाई आहे. पांढरा शर्ट, मानेवर अंबाडा, आवाज असा की छतावरचा पंखासुद्धा तिच्यापेक्षा बडबडा वाटावा. पण आमची भिंतीला भिंत आहे, त्यामुळे तिचा दुसरा आवाजही मला ठाऊक आहे. कढईत मिरच्या परतताना ती एकटीच बोलते, आणि त्या बोलण्यात कुणाचं तरी वाटोळं चाललेलं असतं. गेलं वर्षभर ते सुपिचाचं चाललं होतं.

थायलंडातल्या आमच्या चाचेंगसाओच्या वाचनालयात उरैवानची निम्मी हयात गेली. सुपिचा आली ती अगदी अलीकडे. पुस्तकांना क्रमांक कसे द्यायचे, शाळेची पोरं गप्प कशी बसवायची, साहेबांकडून रजा कशी काढायची, सगळं तिला उरैवाननं शिकवलं. सुपिचाही तिला 'पी उरै' म्हणजे थोरली बहीण म्हणून मान द्यायची. सगळं गोडीगुलाबीत होतं. मग डेन्मार्कला ग्रंथपालांसाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण निघालं. देशोदेशीचे लोक येणार, विमान, राहणं, जेवण त्यांच्याकडून, शेवटी परीक्षा, आणि पास झालं की कुठल्याही देशात चालेल असं प्रमाणपत्र. अट एकच होती, नोकरीला दहा वर्षं झालेली नसावीत.

म्हणजे शिकवणारी बाद आणि शिकणारी विमानात. उरैवानचं म्हणणं असं की, ती नवी होती तेव्हा असलं काही कुणी काढलं नाही, आणि आता काढलं तर मुद्दाम तिला वगळून. डेन्मार्कच्या लोकांना चाचेंगसाओची उरैवान माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण हे मी भिंतीपलीकडून कसं सांगणार?

वाचनालयात मात्र तोंडभर हसू. सुपिचाचा इंग्रजी अर्ज तिनंच तपासला. मुलाखतीला घालायला स्वतःचं रेशमी जाकीट दिलं. निवड झाली तेव्हा सगळ्यांना नारळाचं आइस्क्रीमही हिनंच वाटलं. आणि घरी येऊन फ्रीजचं दार असं आपटलं की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

मी देवळाच्या दाराशी उकडलेली अंडी विकतो. आमच्या लुआंग पोंना, देवळातल्या बुद्धाला आम्ही असंच म्हणतो, नवसाची अंडी चालतात. नोकरी लागली, मूल झालं, लॉटरी लागली, की माणसं ताटं भरून अंडी वाहतात आणि माझं घर चालतं. त्याच आठवड्यात उरैवान मला मूर्तीसमोर गुडघे टेकलेली दिसली. ओठ भराभर हलत होते. उठताना मला पाहिलं आणि म्हणाली, गुडघे दुखतात म्हणून आले होते. मी काही विचारलंच नव्हतं.

थोड्या दिवसांनी निरोप आला की पैसा कमी पडल्यामुळे यंदाचं प्रशिक्षण रद्द. सुपिचा कपाटांच्या मागे जाऊन रडली आणि उरैवाननं तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून गाणं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी गाणं बंद, चेहरा उतरलेला. मी काय ते समजलो. नवस फळला होता, आता तो फेडायला हवा होता. लुआंग पोंचं देणं कुणी बुडवत नाही. शिवाय वाहिलेली अंडी घरी आणून वाटायची असतात, आणि अंडं हातात पडलं की प्रत्येकजण विचारतो, काय मिळालं?

अंडी तिनं माझ्याकडून घेतली नाहीत. पलीकडे अंडी विकणाऱ्या पेन नावाच्या बाईकडून घेतली, जिची निम्मी अंडी उकडतानाच फुटतात. हे मी अजून विसरलेलो नाही. मी जेवायला जातो ती वेळ उरैवाननं साधली. पण पेन एवढं मोठं पातेलं कुणासाठी चढवतेय ते बघायचं होतं, म्हणून मी त्या दिवशी जेवायला गेलोच नाही.

उरैवाननं शंभर अंडी मांडली आणि उदबत्ती लावली. उदबत्ती जळून संपेपर्यंत अंडी उचलता येत नाहीत, म्हणून ती खांबाच्या आड बसली. तेवढ्यात सुपिचा आली, माझ्याचकडची पन्नास अंडी घेऊन. "निवड होऊ दे, एवढंच मी मागितलं होतं," ती मला म्हणत होती. "ती तर झाली. जायला मिळू दे असंही म्हणायला हवं होतं." आत गेली आणि तिला उरैवान दिसली.

"पी उरै! तुमचा पण नवस फळला? कसला?"

उरैवान गुडघा चोळायला लागली. म्हटलं आपण मदत करावी. "गुडघ्यांचा," मी मोठ्यानं सांगितलं.

"गुडघ्यांसाठी शंभर?"

उदबत्ती अजून अर्धी होती. मूर्तीसमोर खोटं बोलण्याची उरैवानची छाती झाली नाही. "तुला जाता येऊ नये म्हणून," ती वाचनालयातल्या आवाजात म्हणाली.

मी मिठाच्या पुड्या बांधायला घेतल्या.  सुपिचानं आपलं ताट उरैवानच्या ताटाशेजारी ठेवलं, उदबत्ती लावली आणि हातभर अंतर ठेवून बसली. तिलाही आता थांबणं भाग होतं.

"पुन्हा निघालं तर मी पुन्हा अर्ज करणार," ती पुढे बघत म्हणाली. "तुमचा नवस या वेळी माझ्यादेखत बोला. मोठ्यानं."

उरैवाननं हात जोडले. "लुआंग पो, हिला जाऊ दे. परीक्षाही पास होऊ दे. दोनशे अंडी वाहीन." एवढं बोलून ती थांबली, पण तिला राहवलं नाही. "फक्त तिथं हिला थंडी भरपूर वाजू दे."

सुपिचानं नाक पुसलं. "थंडीची पन्नास वेगळी बोला," ती म्हणाली.