दसऱ्याचा काळा रंग

जीपच्या स्टार्टरचं बटण पायाशी असायचं. त्या वर्षी दसऱ्यानंतर त्या बटणावर पाय ठेवायचा म्हटलं की मी आधी देवाचं नाव घ्यायचो. दहा वेळा दाबलं तर सात वेळा इंजिन फिरायचं. तीन वेळा नुसतं खट् वाजायचं आणि गाडी मढ्यासारखी गप्प.

मी मिरजगावच्या एका डॉक्टरांचा ड्रायव्हर होतो. जीप त्यांनी मिलिटरीच्या लिलावात घेतलेली. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण गाडीचा बोल्ट न् बोल्ट मला माहीत, असा माझा तोरा. बॅटरीची टोकं गरम पाण्यानं धुतली, स्टार्टर खोलून साफ केला, दुसऱ्याची बॅटरी आणून लावून पाहिली. दोन दिवस बरी चालायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बायकोनं लिंबू-मिरची बांधली. डॉक्टर म्हणाले, नगरच्या मिस्त्रीला दाखव. मी गेलोच नाही. आपल्या हातची गाडी दुसऱ्यानं उघडायची, मग आपलं काय राहिलं? दाखवली म्हणून डॉक्टरांना सांगून मोकळा झालो.

दुष्काळाचं साल. खडी फोडायच्या कामावर एका बाईला फुरसं चावलं. दुपारी बैलगाडीत घालून तिला आणलं, सोबत तिची जाऊ. पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांकडचं विषावरचं इंजेक्शन संपलेलं. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता नगरला न्यायचं. तिला मागं जावेजवळ निजवलं, डॉक्टर माझ्या शेजारी बसले आणि मी बटण दाबलं.

नुसतं खट् वाजलं. काही नाही.

पुन्हा दाबलं, दाबूनच धरलं. जळका वास आला. चोकच्या तारेतून धूर निघत होता. हात लावला तर बोटाला चटका बसला. त्या तारेचं दुसरं टोक कार्बोरेटरला, आणि पेट्रोलची टाकी माझ्या बुडाखाली. मागून जाऊ म्हणाली, "भाऊ, व्हईना का चालू?"

उतरून इंजिन हातानं फिरवायचं हँडल पुढून घातलं. पहिल्याच झटक्याला ते उलटं फिरलं आणि मनगटातून कळ गेली. दुसऱ्यांदा इंजिन लागलं. नगरपर्यंत मी कुठं थांबलो नाही, गिअर टाकतानाही जीव मुठीत. बंद पडली तर बाई माझ्यामुळं मरणार, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी बाईला दवाखान्यात आत नेलं. मी आवारात इंजिन चालू ठेवून बसलो, बंद करायचा धीर होईना. बोटावर फोड आला होता, त्याच्याकडं बघत राहिलो. एवढीशी तार तापलीच कशी? आमच्या मळ्यात मोठा पाट तुंबला की पाणी सरीत घुसायचं आणि सरी फोडून टाकायचं. करंटचंही तसंच असणार. त्याची मोठी वाट कुठंतरी तुंबली असणार.

इंजिन बंद केलं आणि गाडीखाली शिरलो. इंजिनापासून चासीपर्यंत तांब्याची एक जाड वेणी असते, करंट तिच्यातून माघारी जातो. तिचा बोल्ट काढला. खाली काळा रंग, आरशासारखा चकचकीत. दसऱ्याच्या पूजेसाठी मीच मारलेला. रंग वाळल्यावर वेणी त्याच्यावरच आवळली होती. गाडी हादरली की वेणी लोखंडाला कधी टेकायची, कधी नाही; मधे रंग आला की करंट चोकच्या तारेत घुसायचा.

चाकूनं पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडलं. वेणी बसवली. दहा वेळा बटण दाबलं, दहाही वेळा इंजिन फिरलं.

डॉक्टर बाहेर आले. बाई वाचेल म्हणाले, पायाचं सांगता येत नाही. मग विचारलं, "काय निघालं?"

"रंग. मीच मारला हुता."

"मिस्त्रीला दिसला नाही?"

"मिस्त्रीकडं मी गेलोच न्हाई, साहेब."

तेवढ्यात जाऊ पायऱ्या उतरून आली, माझ्यापुढं हात जोडले. "तुमी हुता म्हणून वाचली, भाऊ. लई उपकार झाले."

डॉक्टर शेजारीच होते. ते ऐकून गाडीत जाऊन बसले. मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. बटण दाबलं. इंजिन लगेच लागलं.