अक्कांचे हजेरीपट

धुळ्याच्या आमच्या कार्यालयात बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी बसायला अकरा वर्षं लागली. मी नोकरीला लागले तेव्हापासून ती नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेर पहाऱ्याला उभं राहायचं, अशी आमची सोय. मी अर्ज केले, स्मरणपत्रं दिली, एका साहेबांसमोर तर चक्क रडले. कडी आली ती मागच्या वर्षी, वरून आदेश सुटला तेव्हा. ठरलेल्या मुदतीत कार्यालय सुधारा, कर्मचाऱ्यांना सुविधा द्या, जुने अभिलेख लावून घ्या. तपासणी होईल, गुण मिळतील. गुण म्हटल्यावर साहेबांच्या अंगातच आलं. आठवड्यात कडी, महिन्यात थंड पाण्याचं यंत्र, नव्या खुर्च्या, प्रत्येक टेबलावर नावाची पाटी. माझ्या रडण्याने जे झालं नाही ते गुणांनी केलं. मला आनंद झाला आणि त्याहून जास्त संताप आला.

ते स्वच्छतागृह रोज धुणाऱ्या अक्कांना मात्र ना खुर्ची ना पाटी. अक्का साक्रीकडच्या. आमच्याकडे अंशकालीन सफाई कामगार. अंशकालीन म्हणजे कागदावर दोन तास आणि प्रत्यक्षात कुलूप उघडल्यापासून परत लागेपर्यंत. मी शाळेत होते तेव्हापासून त्या तिथे झाडत होत्या. माझं माहेर मुक्ताईनगरकडचं, आमची बोली निराळी. अक्कांची अहिराणी मला सुरुवातीला निम्मीच कळायची. दुपारी डबा खाताना त्यांनीच ती मला शिकवली, माझ्या उच्चारांना मनसोक्त हसत.

नव्या सुविधांबद्दल कर्मचाऱ्यांचं मत विचारणारा एक फॉर्म आला, तेव्हा मी अक्कांचाही भरू म्हटलं. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "त्या कर्मचारी कुठे आहेत?" अक्का तेव्हा त्यांच्याच टेबलावर चहा ठेवत होत्या.

कर्मचारी नसल्यामुळे त्यांची हजेरीही वेगळी. आमची आस्थापना शाखेत, त्यांची भांडारात, एका साध्या वहीत. भांडाराचा कारकून सकाळी ती वही उघडायचा, अक्का अंगठा उठवायच्या, शाई पदराला पुसायच्या आणि बादली उचलायच्या. वर्ष संपलं की वही माळ्यावर. अशा वह्या साठल्या की लाल फडक्यात घट्ट बांधून ठेवायच्या. त्या गठ्ठ्याला आम्ही रुमाल म्हणतो. रुमालावर आत काय आहे त्याची चिठ्ठी लावायची असते. अक्कांच्या साऱ्या वर्षांच्या रुमालावर कुण्या महाभागाने लिहून ठेवलं होतं, 'किरकोळ'.

अभिलेख लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कायम ठेवायचं काय, काही वर्षं ठेवायचं काय आणि नष्ट करायचं काय, हे ठरवायचं. नियम असा की प्रत्येक रुमाल सोडायचा, आत बघायचं, मग निर्णय घ्यायचा. आमची पद्धत अशी की चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि विचारायचं, "हा कुणाच्या टेबलाचा?" कुणी हो म्हणालं नाही की तो रुमाल नष्ट करायच्या यादीत. शनिवारची दुपार होती आणि तपासणी सोमवारी. अभिलेख खोलीला खिडकी नाही. नाकातोंडात धूळ, घसा बसलेला, आणि साहेब दर थोड्या वेळाने दारातून विचारायचे, "किती राहिलं?" आत यायचे नाहीत, धुळीचा त्रास होतो म्हणून. 'किरकोळ' असं वाचलं तेव्हा कुणीच हो म्हणालं नाही. अक्कांना टेबलच नव्हतं, हो म्हणणार कोण? मी यादीत नोंद केली. यादी टाइप झाली, खाली माझी सही झाली.

रद्दीची गाडी अंगणात लागली होती आणि रुमाल खाली न्यायला अर्थातच अक्का. चारपाच खेपा झाल्यावर त्या एका रुमालापाशी थांबल्या.

"ताई, हाऊ रुमाल मन्हा शे. हाई गाठ मीच मारेल शे. मन्हा बठ्ठा अंगठा शेतस यामा."

रुमाल त्यांचा, त्यांचे सगळे अंगठे त्यात, हे मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं, आणि तोवर मला अहिराणी पुरती कळत होती. पण एक रुमाल काढायचा म्हणजे यादीतले क्रमांक बदलणार, यादी पुन्हा टाइप होणार, साहेबांची बोलणी खावी लागणार. मला घरी जायचं होतं. मी म्हणाले, "अक्का, आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. न्या तुम्ही बिनधास्त."

कॉम्प्युटरमध्ये फक्त कायम ठेवायचे कागद गेले होते. हे मला माहीत होतं. अक्कांनी रुमाल डोक्यावर घेतला आणि गुडघ्यावर हात टेकत जिना उतरल्या.

तपासणी झाली, आमचा नंबर लागला. जळगावला कार्यक्रम होता. प्रशस्तिपत्र घ्यायला साहेबांनी मलाही व्यासपीठावर बोलावलं, "अभिलेखांचं सगळं काम यांचं" असंही म्हणाले. जेवणात भरीत होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

नंतर काही महिन्यांनी दुसरा आदेश आला. ज्या अंशकालीन कामगारांची सलग सेवा कार्यालयाच्या अभिलेखावरून सिद्ध होते, त्यांना कायम करण्याचे प्रस्ताव पाठवा. अक्कांच्या साठीला दोन वर्षं उरली होती. गुडघे कामातून गेलेले. कायम झाल्या तर पेन्शनवर म्हातारपण घरात बसून निघालं असतं. नाही झाल्या तर बादली हातातून पडेपर्यंत झाडायचं. अर्ज त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला. फिरत फिरत तो माझ्याच टेबलावर आला, कारण अभिलेख माझ्याकडे.

इथे मी थोडी धडपड केली, तेवढं श्रेय मला द्या. साहेबांना म्हणाले, हजेरीपट आपणच नष्ट केलेत, तसं सरळ लिहू. कार्यालयाच्या चुकीने गेले असं लेखी मिळालं तर अक्कांना दुसरे पुरावे देता येतील, आजवरच्या साहेबांच्या साक्षी घेता येतील.

"आणि यादीवर सही कुणाची आहे?" साहेबांनी विचारलं. "चौकशी तुमची लागेल. बढती तोंडावर आली आहे ना?" मग अगदी मायेने म्हणाले, "उपलब्ध नाहीत, असं लिहा. खोटं थोडंच आहे?"

खोटं नव्हतंच. मी भित्री आहे, हे इतकी वर्षं मी स्वतःपासून लपवून ठेवलं होतं. टेबलावर येऊन मी पत्र लिहिलं.

दुसऱ्या दिवशी अक्का पत्र घ्यायला आल्या. हात धुऊन, पदर नीट करून आल्या होत्या. मी नव्या खुर्चीकडे बोट केलं, पण त्या उभ्याच राहिल्या.

"काय लिखेल शे, ताई? वाचीसन सांगा."

मी वाचलं, मग सोप्या भाषेत सांगितलं. हजेरीपट नाहीत. पुरावा नाही. प्रस्ताव जाणार नाही.

"पन तुम्हीच तं सांगेल व्हतं, कॉम्प्युटरमा शे," त्या म्हणाल्या. "एकदाव दखा ना."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी कॉम्प्युटर सुरू केला. खरोखरच केला. अक्कांचं पूर्ण नाव टाइप केलं, बटणं दाबली, भुवया आवळून पडद्याकडे बघत बसले, आणि मग पडदा त्यांच्याकडे वळवला, त्यांना वाचता येत नाही हे ठाऊक असूनही. "नाही सापडत, अक्का."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा पडला असणार, कारण त्या पुढे झाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ द्या ताई. तुम्हना काय दोष? मशीन शे ते."

पत्र मिळाल्याची पोच म्हणून मी त्यांचा अंगठा घेतला आणि अर्ज निकाली काढला. त्या आठवड्याच्या अहवालात आमच्या कार्यालयाकडे एकही अर्ज प्रलंबित नव्हता.