बंद पाकिटाचे वैरी

झाकण नावाची वस्तू ज्या कोणी पहिल्यांदा शोधून काढली, तो इसम आज हयात असता तर आमच्या मामेसासऱ्यांनी त्याला कोर्टात खेचला असता आणि खर्चासकट हरवला असता. हे माझ्या बायकोचे मामा. धंद्याने वकील, राहणार विक्रोळी, मूळचे मालवणकडचे, आणि स्वभावाने असे की जगातली कुठलीही बंद गोष्ट त्यांना सहन व्हायची नाही. बाहेरून आले की चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण उचलणार. मामी ओरडायच्या, "अहो, भात शिजतोय! वाफ जाते!" त्यावर मामा शांतपणे विचारायचे, "शिजतोय हे झाकण न काढता तुला कसं कळलं?" मामींनी सगळा जन्म मऊ शिजलेला भात काय असतो ते पाहिलं नाही. त्या घरी जेवायला जायचं म्हणजे दातांची तयारी करून जायचं, असं आम्ही म्हणायचो.

आमच्या लग्नात ते मामा म्हणून नवरीच्या पाठीशी उभे होते. मंगलाष्टकं सुरू झाली, मध्ये अंतरपाट धरला होता. तेवढ्यात मामांचा आवाज लाऊडस्पीकरवरून अख्ख्या हॉलने ऐकला. "ही दोघं गेलं वर्षभर घाटकोपरच्या उडप्याकडे एकमेकांची तोंडं बघत बसलीत. आता पडदो कित्याक?" कित्याक म्हणजे कशासाठी. हा त्यांचा लाडका शब्द. इतर वेळी मुंबईची मराठी बोलणारे मामा एखादी गोष्ट बंद दिसली की मालवणीत शिरायचे. भटजी उत्तर देईपर्यंत त्यांनी एका बोटाने अंतरपाट खाली केलासुद्धा. मी बायकोचं तोंड मुहूर्ताच्या दोन कडवी आधीच पाहिलं. त्यानंतर आमच्या संसारात जे जे बिनसलं, त्याचं खापर सासूबाई अजून स्वतःच्या भावावर फोडतात.

तोंडात तर त्यांच्या तीळ भिजायचा नाही. त्यामुळे नातेवाईक त्यांना काही सांगायचेच नाहीत. मग मामा उलटतपासणी घ्यायचे आणि पाच मिनिटांत समोरचा माणूस शेजाऱ्याचंही गुपित सांगून मोकळा व्हायचा. पण या सगळ्या वेडाच्या मुळाशी एक गोष्ट अगदी खरी होती. त्यांच्या धंद्यात त्यांचा एकच हाडवैरी होता, तो म्हणजे बंद पाकीट. सरकार एखाद्या माणसाला देशाच्या सुरक्षेला धोका म्हणून खटल्याशिवाय डांबून ठेवतं, आणि का म्हणून विचारलं तर पुरावा पाकिटात घालून फक्त न्यायमूर्तींच्या हातात देतं. आरोप कुणावर? त्या माणसावर. आणि वाचायचं कुणी? त्याच्याखेरीज बाकीच्यांनी. हे आठवलं की जेवताना मामांचा घास हातातच राहायचा. "मेल्यांनो, चोराला पण चोरी काय ती सांगतात रे!" असं ते आमटीच्या वाटीला सांगायचे.

मढच्या कोळीवाड्यातल्या नाखव्याचं प्रकरण आलं तेव्हा मामांचा गुडघा नुकताच बदलला होता. म्हणून त्यांना कोर्टात नेण्या-आणण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. गाडी माझी, रजा माझी आणि वरून बोलणी त्यांची. नाखवा म्हणजे मासेमारीच्या बोटीचा मालक. सरळ, कमी बोलणारा गडी, पण समुद्रातल्या कसल्याशा ठिकाणांची माहिती खुणेच्या भाषेत कुणाला तरी पाठवतो म्हणून त्याला उचलला होता. त्याच्या बायकोने, नाखविणीने, मामांकरवी हायकोर्टात अर्ज केला होता. माझा नवरा का धरलात ते सांगा, नाहीतर सोडा, एवढाच त्याचा अर्थ. ती बाजाराचा दिवस मोडून यायची आणि मागच्या बाकांवर अर्धं मढ घेऊन बसायची.

सरकारी वकीलबाई तशा फार सज्जन. मामांना वाकून नमस्कार करायच्या, गुडघा कसा आहे विचारायच्या आणि मग उठून पाकीट वर द्यायच्या. "तपशील राष्ट्रहिताच्या दृष्टीने उघड करता येणार नाही." दोन्ही न्यायमूर्ती आतला कागद वाचायचे, गंभीर व्हायचे, कागद परत आत घालायचे. मग मामांनी उठून त्या न वाचलेल्या कागदाला उत्तर द्यायचं. असं महिनोन्महिने चाललं. तिकडे नाखवा आत, बोट किनाऱ्यावर, आणि नाखविणीच्या दंडावरची वाकी दर तारखेला थोडी खाली घसरत होती.

एके दिवशी पाकिटातला कागद वाचता वाचता ज्येष्ठ न्यायमूर्तींनी सहज विचारलं, "तुमच्या अशिलाचं सोनाराचं दुकान आहे का हो?"

मामा चपापले. मी मागे पाहिलं तर नाखवीण पांढरीफटक पडली होती, आणि मढच्या बाकांवर सगळ्यांचे कान टवकारले होते. मामांनी उद्यापर्यंत मुदत मागितली आणि तिला बाहेर व्हरांड्यात गाठलं. आधी ती बोलेचना. शेवटी पदर तोंडाला लावून तिने सांगितलं ते असं. सोनाराचं दुकान ही दर्यातली एक जागा. पाण्याखालचं खडप, म्हणजे खडक, तिथे घोळ मासा मिळतो, आणि घोळीला सोन्याचा भाव. सासऱ्याने मरताना ती जागा एकट्या नाखव्याला दाखवली. कोळ्याने अशी जागा सख्ख्या भावालासुद्धा सांगायची नाही, हा रिवाज. नाखव्याने फक्त दुसऱ्या बोटीवरच्या मेहुण्याला तिचे अक्षांश-रेखांशाचे आकडे पाठवले होते आणि वर लिहिलं होतं, म्हातारी झोपली की सोनाराच्या दुकानात ये, कोनला सांगू नको.

"आणि म्हातारी कोण?" मामांनी विचारलं.

तिने हळूच कोर्टाच्या दारातून आतल्या बाकांकडे मान वळवली. म्हातारी म्हणजे नाखव्याच्या चुलतभावाची संथ, जुनी बोट, जी मासा कुठे मिळतो ते बघायला कायम यांच्या पाठीवर असायची. चुलतभाऊ बिचारा पाठिंबा द्यायला पहिल्या तारखेपासून मागच्या बाकावर बसत होता.

मी तर हसत सुटलो. मामा हसले नाहीत. नाखव्याने पोलिसांना हे का सांगितलं नाही, ते त्यांना आत्ता कळलं. जागा बोलायची नाही म्हणून हा माणूस देशद्रोहाचा संशय अंगावर घेऊन गप्प बसला होता. नाखवीण हात जोडून म्हणाली, "तुमी पन पाकिटान घालून द्या ना, सरकारसारखा."

त्या संध्याकाळी मामांनी भाताचं झाकण उचललं नाही. मामी घाबरल्या. त्यांना वाटलं ताप आलाय. मी मुद्दाम चिडवलं, "काय मामा, उद्या पाकीट?" ते खेकसले, "अशील सांगेल ते करायचं असतं, जावईबापू. माझी तत्त्वं मी तुरुंगात बसून पाळत नाही, तो बसलाय." आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी आपल्या हाताने एक पाकीट चिकटवलं. आत खडपाचे आकडे होते आणि दर्याच्या नकाशाची प्रत. डिंक वाळेपर्यंत ते त्याच्याकडे बघत बसले. मला वाईट वाटलं हो, खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकीट पुढे केलं मात्र, सरकारी वकीलबाई ताडकन उठल्या. "हरकत आहे! जे आम्ही पाहिलंच नाही, त्याला उत्तर कसं द्यायचं?"

मग मामा अगदी प्रेमाने म्हणाले, "बाई, मी इतके महिने दुसरं काय विचारतोय?"

न्यायमूर्तींनासुद्धा हसू आवरेना. पण मग ते म्हणाले की पाकीट बंदच ठेवायचं असेल तर चौकशी मागवावी लागेल, पुढची तारीख सुट्टीनंतरची. मी हे नाखविणीच्या कानात सांगितल्याबरोबर ती उभी राहिली. बाकावरून, सगळ्या गावासमोर, खणखणीत आवाजात म्हणाली, "वकीलसायब, फोरा ता पाकीट. दर्यान खडपा हजार हान. माजा नवरा एकुच हाय."

मामांनी पाकीट फाडलं. आकडे मोठ्याने वाचले, म्हातारी कोण तेही सांगितलं. चुलतभावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तरी त्याने आणि आणखी दोघांनी तळहातावर आकडे उतरवून घेतलेच. न्यायमूर्तींनी आपला कागद काढून ताडून पाहिला, तेच आकडे, तेच खडप. दुपारी सुटकेचा हुकूम झाला. नाखवीण रडली, मामाही रडले, आणि "गुडघो दुखता" असं मला खोटं सांगितलं.

नाखवा सुटला, पण मामांशी बोलला नाही. त्याच हंगामात गावच्या सगळ्या बोटी सोनाराच्या दुकानावर जाऊन आल्या, म्हातारी सर्वांच्या पुढे. दुकान बसलं, घोळ दिसेनाशी झाली. मामा ते मनाला लावून घ्यायचे. "माणूस सोडवला गो, पण त्याच्या बापाची ठेव मी चव्हाट्यावर वाचली," असं मामींना म्हणायचे.

दोनेक वर्षांनी एका सकाळी नाखवा विक्रोळीला दारात उभा. बस म्हटलं तर बसला नाही. मामांना घेऊन गेला. ते रात्री परतले ते उन्हाने लाल होऊन, अंगाला खाऱ्या वाऱ्याचा वास आणि हातात भलीमोठी घोळ. मामींनी विचारलं, कुठे नेलं होतं? मी विचारलं. बायकोने फोनवरून विचारलं. मामा सगळ्यांना एकच उत्तर देत होते, तेही शुद्ध सरकारी मराठीत. "तपशील राष्ट्रहिताच्या दृष्टीने उघड करता येणार नाही." आणि खरोखर, तोंडात तीळ न भिजणाऱ्या त्या माणसाने शेवटपर्यंत कुणाला काही सांगितलं नाही.

मामा गेले, त्यांच्या तेराव्याला नाखवा आला होता. कोपऱ्यात बसून जेवला, भात छान मऊ शिजलाय म्हणाला. मामी आत निघून गेल्या. मी त्याला खाली सोडायला गेलो, तेव्हा त्याने काही न बोलता खिशातून फोन काढून दाखवला. पडद्यावर निळा दर्या, त्यावर एक ठिपका, आणि ठिपक्याला नाव दिलं होतं, वकील. मी जवळ वाकून आकडे वाचायला गेलो. त्याने पटकन फोन छातीशी धरला.

"कुठे आहे रे हे?" मी विचारलं.

नाखव्याचे डोळे भरून आले होते, पण तो हसला.

"कित्याक?" म्हणाला.