दुपारच्या टाळ्या

कोणी कितीही खुशीत येऊन आपला स्कोअर सांगितला, तरी आमचे भाऊ आधी आभाळाकडे बघायचे आणि मग विचारायचे, "किती वाजता निघाले होते?"

गोल्फमध्ये चेंडू कमीत कमी फटक्यांत भोकात घालायचा असतो, एवढं कळलं तरी तुम्हाला पुरे. क्लबच्या ऑफिसात नोकरीला लागले तेव्हा मला तेवढंही ठाऊक नव्हतं. स्पर्धेच्या दिवशी फळ्यावर आकडे लिहायचं काम माझ्याकडे असायचं. भाऊ क्लबचे सभासद. लकडगंजात त्यांचा सागवानाचा धंदा, आणि खेळाडू म्हणाल तर अगदीच यथातथा. कोण कोणत्या वेळी खेळायला निघणार याच्या चिठ्ठ्या काढायचं काम मात्र त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं.

आमच्या क्लबात एक डॉक्टर आहेत. खेळ चांगला, आणि तो चांगला आहे हे सांगायची आवडही चांगली. एकदा ते फळ्याशी येऊन मोठ्यानं म्हणाले, "बहात्तर!"

"किती वाजता निघाले होते?"

"साडेसहाला."

"मग बरोबर आहे," भाऊ म्हणाले आणि चहा प्यायला लागले. डॉक्टरांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

मी नंतर भाऊंना टोकलंच. "माणूस एवढ्या आनंदात येतो, काहून त्याचा हिरमोड करता?"

"हिरमोड नाही वं बाई. लाकूड ओलं हाय का वाळलं हे पाह्यल्याबिगर मी वजनाचं बोलत नाही. सकाळी दव राह्यते, चेंडू पडला तिथंच बसते. दुपारी तीच जमीन तव्यावानी तापते, चेंडू टप्पा घेऊन पळून जाते. वरून वारा. मग दोघायले एकाच काट्यावर कसं तोलू?"

आपल्याकडची काळी माती तर तुम्ही जाणताच. उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की चेंडू आत गेला की गेला, आणि पावसात तीच माती बूट सोडत नाही.

शेवटच्या भोकाशी एक कडुलिंब आहे. त्याच्याखाली भाऊंची खुर्ची असायची. दुपारच्या शेवटच्या तुकड्या उन्हानं काळवंडून परत यायच्या, तेव्हा सगळे मांडवात चहा-समोशाला गेलेले असायचे. भाऊ एकटे बसून राहायचे आणि प्रत्येकासाठी टाळ्या वाजवायचे. हात हे एवढाले. फळीवर फळी आपटावी तसा आवाज यायचा.

माझी नीलू याच मैदानावर खेळायला शिकली. ज्युनियर संघाच्या निवडीसाठी दोन दिवसांची स्पर्धा होती. जाण्याआधीच तिनं मला बजावलं होतं, "आई, या वेळी नाव नाही आलं तर मी खेळ सोडणार." पोरगी बापावर गेलीय, बोलली म्हणजे करणार.

पहिल्या दिवशी चिठ्ठीत तिला भर दुपार आली. मार्च महिना, गरम वारा सुटलेला. तिचा आकडा फुगला, आणि तो फळ्यावर मलाच लिहावा लागला. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा होतो, म्हणजे तिला सकाळ मिळणार होती. आम्ही त्याच आशेवर होतो. आणि सकाळी तिनं अठरांपैकी चार भोकं पुरी केली न केली, तोच गारपीट झाली. खेळ थांबला, चिखलात पुन्हा सुरू झाला. तिचं संपता संपता ऊन पडलं, वारा पडला, आणि दुपारच्या पोरांना लोण्यासारखं मऊ मैदान मिळालं. त्यांचे आकडे भराभर खाली आले आणि नीलू यादीतून बाहेर गेली.

ती आली, बॅग माझ्या टेबलाला टेकवली आणि म्हणाली, "विकून टाक."

मी भाऊंना म्हटलं, "तुम्ही कमिटीत आहात, काही बोला ना."

"फळ्यावरचा आकडा तोच राह्यते, बाई. त्याले मी हात नाही लावणार." मला राग आला, खोटं कशाला सांगू?

मग ते नीलूकडे वळले. "काहून रडून राहिली वं पोरी? चिठ्ठी मीच काढली. दोन्ही दिवस वाईट वेळ तुह्या वाट्याले आली. इकडं ये." तिला फळ्यासमोर उभं करून म्हणाले, "तुह्यासंगं दोन्ही दिवस त्याच वेळेले निघाले, तेवढेच पाह्य. कोण पुढं हाय तुह्या?"

नीलूनं डोळे पुसत फळा वरपासून खालपर्यंत वाचला. तिच्या वेळेच्यांत कोणीच पुढं नव्हतं.

"निवड झाली नाही, हे खरं हाय. तुले खेळता येत नाही, हे खोटं हाय. दोन्ही एकात कालवू नको."

पोरगी माझ्या टेबलाकडे वळली. मग बॅग उचलली, खांद्याला लावली आणि घरी चल म्हणाली. विकायचं पुन्हा कधी निघालं नाही. त्या माणसाचे हे उपकार माझ्या घरावर आहेत, आणि मी ते उघड बोलते.

गेल्या पावसाळ्यात भाऊ गेले.

क्लबच्या यंदाच्या स्पर्धेत नीलूला अगदी शेवटची वेळ आली. धूळ उडत होती, बाकीचे सगळे मांडवात होते. मी फळा सोडून कडुलिंबाखाली गेले. खुर्ची कोणी हलवली नव्हती. नीलूनं शेवटचा चेंडू भोकात घातला आणि सवयीनं खुर्चीकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या, पण माझ्या हातांचा आवाज तो कितीसा?

तेवढ्यात माझ्या शेजारी आणखी टाळ्या सुरू झाल्या. वळून पाहिलं तर डॉक्टर. सकाळी खेळून पहिल्या नंबरावर होते, मांडवात बक्षिसाचा कप त्यांची वाट बघत होता.

मी त्यांना नीलूचा स्कोअर सांगितला, त्यांच्यापेक्षा दोन फटके जास्तच. त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं.

"किती वाजता निघाली होती?"

"सगळ्यांत शेवटी," मी म्हणाले.

"मग माझ्यापेक्षा चांगली खेळली," डॉक्टर म्हणाले, आणि नीलू जवळ येईपर्यंत टाळ्या वाजवत राहिले.