न झालेल्या सामन्याचा विजेता

दुबईत अल कुसैसला अनिल धुमाळचं केटरिंगचं किचन आहे आणि करामा भागात त्याचं घर. दोन्हीकडं शाली ठेवलेल्या असतात. किचनमध्ये पोह्यांच्या गोणीच्या वरच्या फळीवर आणि घरी इस्त्रीच्या कपड्यांत. कोण कधी सत्काराला सापडेल याचा काय नेम? दुबईतल्या मराठी मंडळाचा हा कायमचा निमंत्रक. मंडळात कुणाला दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळाला म्हणून यानं त्याचा सत्कार घडवून आणला, आणि ज्याला मिळाला नव्हता त्याचाही, मिळेलच इन्शाल्ला म्हणून. दातांच्या डॉक्टरचा केला. बिल्डिंगच्या वॉचमनचा केला, तर तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं आपली नोकरी गेली.

हसा खुशाल. पण ह्या वेडाला मूळ आहे. अनिलचे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाले त्या दिवशी सकाळी डबा घेऊन गेले आणि संध्याकाळी डबा घेऊन परत आले. कुणी एक फूल दिलं नाही की दोन शब्द बोललं नाही. म्हातारा चहा पिताना बायकोला एवढंच म्हणाला, "झालं बाई एकदाचं." ते 'झालं' अनिलच्या काळजात रुतून बसलं. माणूस कुठूनही रिकाम्या हातानं जाता कामा नये, अशी त्यानं तेव्हाच मनाशी गाठ मारली.

आणि आता त्याचा स्वतःचा मुलगा रिकाम्या हातानं निघाला होता.

कैवल्य दुबईतच जन्मला, दुबईतच वाढला, शाळेच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन झाला. बारावीचं वर्ष. अख्ख्या सीझनमध्ये त्याची टीम एकही मॅच हरली नाही. पण तिकडं दीड तासावरच्या अल ऐन शहरातल्या एका शाळेची टीम होती, तीही हरली नव्हती. त्यांचा कॅप्टन सिद्धांत म्हणून एक उंचच्या उंच मुलगा. बोर्डाची परीक्षा संपली की एप्रिलमध्ये ह्या दोघांची फायनल ठरलेली. आणि नेमका त्याच आठवड्यात तो पाऊस आला! दुबईचे रस्ते नाल्यासारखे वाहिले, गाड्या तरंगल्या, स्टेडियमची लाकडी जमीन पापडासारखी फुगली. आयोजकांनी तारीख पुढं ढकलली, मग आणखी ढकलली, आणि शेवटी कळवलं की सीझन संपला, यंदा विजेता कुणी नाही. खलास.

ऑगस्टमध्ये पोरं कॉलेजला पांगणार होती. एक कॅनडाला, एक पुण्याला, कैवल्य अमेरिकेला. इथं वाढलेल्या मुलांचं हे असंच असतं, शाळा सुटली की विमानतळ. कैवल्य घुम्यासारखा वागायला लागला. जेवायला बसला की भाताशी खेळायचा. अनिलनं त्याची एकही मॅच पाहिलेली नव्हती, कारण मॅचच्या वेळेलाच किचनमधून संध्याकाळचे डबे निघायचे. पण पोराचं तोंड बघून तो आपल्या ताटातला पापड उचलून त्याच्या ताटात ठेवायचा.

एक दिवस जेवताना कैवल्य आपणहून बोलायला लागला. अमेरिकन कॉलेजच्या अर्जासाठी त्यानं एक निबंध लिहिला होता, तिथल्या अगदी सुरुवातीच्या कॉलेज बास्केटबॉलवर. एकोणीसशे आठ-नऊचा सीझन. सांगता सांगता पोराच्या डोळ्यांत चमक आली. तेव्हा चेंडूला बुटासारखी नाडी असायची. प्रत्येक बास्केट झाली की खेळ थांबायचा आणि मधोमध उभं राहून पुन्हा चेंडू उडवायचे. कुठं कुठं तर कोर्टाला जाळीचा पिंजरा असायचा, पोरं त्यावर आपटून रक्तबंबाळ व्हायची.

"आणि बाबा, देअर वॉज नो फायनल! शिकागोची टीम एकही मॅच हरली नाही, बट दे नेव्हर प्लेड एव्हरीवन. पूर्वेकडं कुणी त्यांच्याहून चांगलं होतं का, हू नोज? कित्येक दशकांनी लॉस एंजेलिसमध्ये काही लोकांनी ऑफिसमध्ये बसून जुने स्कोअर बघितले अँड डिक्लेअर्ड देम चॅम्पियन्स. तोपर्यंत ती मुलं म्हातारी झाली होती. इमॅजिन! त्यांना कधी खेळायलाच नाही मिळालं."

पोरगं आपलं दुःख सांगत होतं हो. ते एवढं उघड होतं की स्मितानं, म्हणजे अनिलच्या बायकोनं, हातातला डाव खाली ठेवला. पण अनिलच्या कानात एवढ्या सगळ्यातून एकच गोष्ट शिरली.

"म्हणजे समिती बसली," तो म्हणाला, "आणि समितीनं ठरवलं!"

"बाबा, दॅट्स नॉट द पॉइंट."

पण अनिल हात न धुताच फोनकडं धावला होता.

समिती करामातल्या एका उडप्याकडं बसली. मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब कन्स्ट्रक्शनमधले मोठे कॉन्ट्रॅक्टर. लोक पायलिंगवर इमारत उभी करतात, हे भाषणावर करायचे. दुसऱ्या विद्युल्लताताई, ज्या रविवारचा मराठी वर्ग चालवतात आणि ज्यांना बघून मोठी माणसंसुद्धा सरळ बसतात. तिसरा निमंत्रक अनिल. अनिलनं शिकागोची हकिगत सांगितली, तीही स्वतः तिथं हजर असल्यासारखी.

"पण सामना झालाच नाही ना?" विद्युल्लताताई म्हणाल्या.

"ताई, तेच तर सांगतोय! अमेरिकेतसुद्धा झाला नव्हता!"

अमेरिकेतसुद्धा म्हटल्यावर पुढं काय बोलणार? अण्णासाहेबांनी मेदूवडा सांबारात बुडवला. "त्यांना कित्येक दशकं लागली," ते म्हणाले, "आपण दोन महिन्यांत करतोय. ही दुबईची एफिशियन्सी! ठराव मंजूर. कैवल्य आपला मुलगा आहे, आपण नाही ठरवायचं तर कुणी ठरवायचं?"

"अल ऐनचं काय?" ताईंनी पुन्हा विचारलं.

"त्यांनाही बोलवू की. उपविजेते म्हणून."

अशा रीतीनं एक टीम न खेळता जिंकली आणि दुसरी न खेळता हरली, आणि बिल अनिलनं भरलं. आमंत्रणपत्रिका छापली. तिच्यावर अण्णासाहेबांचा फोटो ताटाएवढा आणि दोन्ही टीमचे फोटो चटणीच्या वाटीएवढे. खाली ठळक अक्षरांत, 'उपविजेत्या संघाने वेळेवर उपस्थित राहावे.' अनिलनं शालींची ऑर्डर दिली. एक शाल चाळीस दिरहम, म्हणजे जवळजवळ हजार रुपये की हो, असं तो दुकानदाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला.

"अहो, तुम्हाला बास्केटबॉलमध्ये एका बाजूला किती पोरं खेळतात हे तरी माहितेय का?" स्मितानं विचारलं.

"अकरा."

"पाच. बाकीची बाकावर बसतात."

अनिल क्षणभर गडबडला, पण लगेच सावरला. "बसणाऱ्यांचाही करू. मंडळात दरवर्षी आपण दुसरं काय करतो?"

कैवल्यला हे सगळं व्हॉट्सॲपवरून कळलं. तो किचनमध्ये येऊन बापासमोर उभा राहिला. मागं कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या, समोर पोरगं लालबुंद.

"बाबा, प्लीज कॅन्सल इट. वी डिडन्ट विन. मी सिद्धांतला काय तोंड दाखवू?"

"अरे, त्यालापण शाल आहे."

"आय डोन्ट वॉन्ट अ शॉल! आय जस्ट वॉन्टेड टू प्ले हिम. वन्स. जायच्या आधी मला कळायला हवंय, आम्ही चांगले की ते. दॅट्स ऑल."

"अरे बाळा, तू जिंकलास असं चारचौघांत म्हणू तर दे मला," अनिल गॅस बारीक करत म्हणाला. "तू इतकी वर्षं राबलास रे. असाच कसा जाशील?"

कैवल्यनं हातातला फोन खिशात टाकला. मग त्यानं कार्यक्रम कुठं आहे ते विचारलं. कुसैसमधल्याच एका शाळेचा स्पोर्ट्स हॉल मंडळानं भाड्यानं घेतला होता, ते अनिलनं सांगितलं. "ओके," कैवल्य म्हणाला, "आय विल कम. आणि आमचे पीटीचे अजीज सर आहेत ना, त्यांनापण बोलवा." अनिलला कोण आनंद झाला! अजीज सरांसाठी एक शाल वाढवली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला. बायका पैठण्या नेसून आलेल्या, एसी असा की पैठणीवर स्वेटर. बास्केटबॉलच्या कोर्टावर खुर्च्यांच्या रांगा, पुढं मखमली सोफा. एका टोकाला स्टेज आणि स्टेजच्या बरोबर पुढं, छतापाशी, घडी करून ठेवलेली बास्केटबॉलची रिंग. डेकोरेशनवाल्याला बॅनर टांगायला तेवढीच भक्कम जागा मिळाली होती, म्हणून 'विजेत्या संघाचे हार्दिक अभिनंदन' हा बॅनर त्या रिंगच्याच दांड्याला बांधलेला. अल ऐनची पोरं मिनीबसमधून आली. दोन्ही टीम पांढरे शर्ट घालून शहाण्यासारख्या शेजारी शेजारी बसल्या. अनिलला भरून आलं. किती गुणी मुलं!

अण्णासाहेब उठले. 'खेळ आणि संस्कार' हा विषय होता. ते शिकागोवरून छत्रपतींवर, छत्रपतींवरून काँक्रीटच्या भावावर आणि तिथून स्वतःच्या बालपणावर पोचले, तेवढ्यात कुठंतरी घर्रर्र असा आवाज झाला. अजीज सर भिंतीजवळच्या बटणावर बोट दाबून उभे होते. छतापासून दोन्ही टोकांच्या रिंगा सावकाश खाली यायला लागल्या, आणि स्टेजकडच्या रिंगबरोबर बॅनरही. 'हार्दिक अभिनंदन' अण्णासाहेबांच्या तोंडासमोर येऊन थांबलं. भाषण मागून चालूच होतं, अण्णासाहेब मात्र दिसत नव्हते.

"चलो बच्चो," अजीज सर म्हणाले, "यल्ला!"

पोरं उठली. शर्टाची बटणं निघाली आणि आतून जर्सी निघाल्या, अर्ध्या निळ्या, अर्ध्या पिवळ्या. "काकू, प्लीज उठता?" "अंकल, वन मिनिट हं!" बघता बघता खुर्च्या भिंतीला लागल्या. मखमली सोफा चार पोरांनी उचलला, त्यावर विद्युल्लताताई बसलेल्या होत्या, त्या उतरल्या नाहीत. वरून म्हणाल्या, "मला रिंग दिसेल असा ठेवा."

"अनिल!" बॅनरमागून अण्णासाहेब ओरडले. "हे काय चाललंय? थांबव त्यांना!"

अनिल धावत कोर्टावर गेला. मध्ये कैवल्य उभा होता, हातात चेंडू. "बाबा, साइडला व्हा," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, गयावया केल्यासारखं. तो बाजूला झाला. शिट्टी वाजली.

आणि मग अनिलनं आयुष्यात पहिल्यांदा आपला पोरगा खेळताना पाहिला.

अहो, घरात पाण्याचा ग्लास मागूनही जागचा न हलणारा हा मुलगा! इथं तो पळत होता, पडत होता, उठत होता, दुसऱ्याला ओरडून जागा दाखवत होता, आणि ती सगळी धटिंगण पोरं त्याचं ऐकत होती. अनिलला नियमातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा अल ऐननं बास्केट केली तेव्हा यानं टाळ्या वाजवल्या, स्मितानं कोपर मारलं. पण अर्ध्या तासानं त्यालाही कळायला लागलं, की त्या उंच सिद्धांतला अडवायला कैवल्य प्रत्येक वेळी स्वतः जातोय आणि दमला तरी दुसऱ्याला जाऊ देत नाहीये. तो ओरडला, "अरे, श्वास तर घे!" पैठण्या किंचाळत होत्या. अण्णासाहेब बॅनरखालून वाकून बाहेर आले होते आणि स्वतःच्याही नकळत निळ्यांच्या बाजूनं ओरडत होते.

शेवटी शिट्टी झाली तेव्हा पिवळी टीम दोन गुणांनी पुढं होती. पिवळी म्हणजे अल ऐन.

स्टेजवर कप होता आणि कपावर कैवल्यच्या शाळेचं नाव कोरलेलं. अण्णासाहेबांनी घाम पुसला, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "फार छान प्रात्यक्षिक झालं! आता आपण समितीच्या ठरावानुसार पुढं जाऊ. निमंत्रकांनी विजेत्यांचं नाव पुकारावं." आणि माइक अनिलच्या हातात कोंबला.

अनिलनं माइक धरला. खोटं बोलणं किती सोपं होतं! कागदावर ठराव होता, कपावर नाव होतं, हॉलमधली सगळी माणसं आपलीच होती. एक शब्द, की पोरगं विजेता म्हणून विमानात बसणार. अनिलला ते मनापासून हवं होतं, अगदी त्या क्षणीही हवं होतं. त्यानं कैवल्यकडं पाहिलं. कैवल्य गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता आणि बापाकडंच बघत होता. मान नकारार्थी हलवत नव्हता, काही सुचवत नव्हता. नुसता बघत होता.

"अल ऐन," अनिल म्हणाला. माइक तोंडाजवळ धरून पुन्हा म्हणाला, "अल ऐन जिंकलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं."

अण्णासाहेबांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की निमंत्रकपद गेलंच म्हणायचं, आणि पुढच्या महिन्यात ते गेलंही. पण त्या वेळी टाळ्या सुरू झाल्या होत्या. सगळ्यात आधी कैवल्यनं वाजवल्या. सिद्धांतनं त्याला कंबरेला धरून उचललं, मग दोन्ही रंगांची पोरं एकमेकांवर कोसळली.

जरा वेळानं कैवल्य बापापाशी आला, घामानं निथळत, ओठ फुटलेला.

"बाबा, वी लॉस्ट!" तो म्हणाला, आणि एप्रिलनंतर पहिल्यांदा तोंडभर हसला. "दे आर बेटर. थोडेसेच. बट दे आर बेटर."

अनिलला हसू आलं नाही. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी अभिमानानं छाती फुटायला आली होती. इतकी वर्षं त्यानं इतकी भाषणं ऐकली, पण हे दोन्ही एकदम वाटतं तेव्हा पोराला काय म्हणायचं, ते कुठल्याच भाषणात नव्हतं.

"ओठाला बर्फ लाव," तो म्हणाला. "आणि त्या पोरांना जेवायला बोलव. लांब जायचंय त्यांना."