शनिवारची शेवटची खुर्ची

कुणी काही नवीन सांगायला लागलं की ते आधी चष्मा काढायचे. शर्टाच्या टोकानं दोन्ही काचा पुसायचे, उजेडाकडे धरून बघायचे आणि पुन्हा नाकावर चढवायचे. तोवर सांगणाऱ्याचं सांगून झालेलं असायचं. मग म्हणायचे, "चांगलंय. तेव्हाही चांगलंच होतं."

"तेव्हा" म्हणजे केव्हा, हे विचारायची हिंमत मला वर्षभर झाली नाही.

तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल. त्याच्याकडे नेमकं काय काम आहे ते कुणाला सांगता येत नाही, पण तो दोन दिवस रजेवर गेला की सगळ्यांना कळतं. आमच्याकडे ते अण्णा होते. आता बेंगळुरूत अण्णा हे काही नाव नव्हे. रिक्षावाला अण्णा, इडलीवाला अण्णा, सोसायटीचा वॉचमनही अण्णाच. त्यामुळे त्यांचं खरं नाव मी सांगितलं नाही तरी तुमचं काही अडणार नाही. चार वर्षं माझंही अडलं नव्हतं.

आमची कंपनी लहानशी, इलेक्ट्रॉनिक सिटीत तिसऱ्या मजल्यावर. डायलिसिस केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. ज्यांच्या किडन्या थकल्या आहेत अशा माणसांनी आठवड्यातून तीनदा यायचं आणि चार तास खुर्चीवर बसून मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं. कुणी कुठल्या वारी, कुठल्या वेळी, कुठल्या खुर्चीवर, हे आमचा प्रोग्राम ठरवायचा. तो प्रोग्राम अण्णांनी एकट्यानं लिहिला होता, मी शाळेत होतो तेव्हा. मला पुण्याहून आणलं होतं ते तो मोडून नवा करायला. नवा सुरू झाला की जुना बंद, आणि जुना बंद झाला की अण्णांचं कंत्राट बंद. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. पहिल्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "बाय-टू घेणार?"

बाय-टू म्हणजे एक कॉफी आणि दोन पेले. मला वाटलं, माणूस चिक्कू आहे. पुढे कळलं की एक अख्खी कॉफी एकट्यानं पिणं त्यांना असभ्य वाटायचं.

ते बेंगळुरूतल्याच येलहंक्याचे. पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं ते सांगायचे. त्यांच्या मराठीत पाव भाग कन्नड असायचं आणि माझ्या मराठीत अर्धं इंग्रजी, तरी माझं मराठी बिघडलंय याची काळजी त्यांनाच जास्त. मला तम्मा म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. माझं त्यांच्या मुलापेक्षाही लहान वय बघता ही बढतीच होती.

पहिल्याच महिन्यात मी फळ्यावर चौकोन काढून अर्धा तास बोललो. एवढा मोठा प्रोग्राम एकसंध ठेवू नये, लहान लहान तुकडे करावेत, एका तुकड्यानं एकच काम करावं, हा जगातला सगळ्यात ताजा विचार आहे, वगैरे. अण्णांनी काचा पुसल्या. "चांगलंय. तेव्हाही चांगलंच होतं." मग त्यांनी आपला प्रोग्राम उघडून दाखवला. लहान लहान तुकडे. एकही पानभरापेक्षा मोठा नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर एका ओळीत लिहिलेलं, हा काय करतो.

मी तो तोवर उघडूनही पाहिला नव्हता. मोडायला आलेल्या माणसानं आधी बघायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मी दोन दिवसांचं प्रशिक्षण करून प्रमाणपत्र घेऊन आलो. आधी उत्तर काय यायला हवं ते लिहायचं आणि मगच प्रोग्राम लिहायचा, अशी ती पद्धत.

"हौदा?" अण्णा म्हणाले. म्हणजे, असं का? "आमच्याकडे कॉम्प्युटरचं मशीन आठवड्यातून एकदा मिळायचं. मंगळवारी, एक तास. बरोबर उत्तर आधीच लिहून नेलं नाही तर तिथं बसून बघणार काय?"

"म्हणजे तुम्ही हेच करत होता?"

"आम्हाला प्रमाणपत्र नाही मिळालं," ते म्हणाले आणि माझं प्रमाणपत्र कौतुकानं दोन्ही बाजूंनी बघितलं.

पण माझी खरी कमाल पुढेच आहे. अण्णांची एक सवय होती. कुणी नवीन काही लिहिलं की ते म्हणायचे, "मी मशीन होतो. तू वाच." समोर बसायचे, हातात कागद घ्यायचे आणि आपण जी ओळ वाचू ती जशीच्या तशी पाळायचे. स्वतःची अक्कल अजिबात वापरायची नाही. मी एकदा वाचलं, "पुढचा पेशंट घे." त्यांनी घेतला. "पुढचा घे." घेतला. यादी संपली तरी माझा प्रोग्राम घे घेच म्हणत होता. अण्णा हवेतून पेशंट घेत राहिले, शांतपणे, एकेक, माझी चूक माझ्या ध्यानात येईपर्यंत. नऊ पेशंट घेतले त्यांनी हवेतून.

हे मी पहिल्या वर्षी शिकलो आणि साफ विसरलो. दोन वर्षांनी एक परदेशी व्हिडिओ पाहिला. एक दाढीवाला गृहस्थ सांगत होता की आता जगभर एक नवीन रीत येते आहे, एकानं प्रोग्राम वाचायचा आणि दुसऱ्यानं कॉम्प्युटर व्हायचं. मी इतका भारावलो की दुसऱ्या दिवशी अण्णांना धरून ही रीत सविस्तर शिकवली. पाऊण तास. फळ्यावर आकृतीसकट.

त्यांनी वहीत टिपणं काढली. दोन शंका विचारल्या. मग चष्मा काढला, पुसला, चढवला आणि वही घेऊन आपल्या जागेवर गेले. मला आठवलं ते संध्याकाळी, सर्जापूर रोडच्या गर्दीत तासभर अडकलो होतो तेव्हा. कारमध्ये एकटा असून मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग एआय आलं. जे अण्णांनी दोन वर्षांत लिहिलं असेल ते मी एका दुपारी त्याच्याकडून लिहून घ्यायला लागलो. मी नुसतं सांगायचं आणि पडद्यावर ओळींचा धबधबा बघायचा. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा, का ते विचारू नका.

"लिहिलं कुणी?" अण्णांनी विचारलं.

"एआयनं."

"सरी," ते म्हणाले. म्हणजे, ठीक. "वाचलं कुणी?"

मी म्हणालो, दुसऱ्या एआयनं. ते हसले नाहीत. मीही विनोद म्हणून बोललो नव्हतो.

नवा प्रोग्राम तयार झाला. येत्या सोमवारी तो सुरू होणार, असं आमच्या मॅडमनी जाहीर केलं. मी सगळ्यांसमोर सादरीकरण केलं. अण्णा नव्हते. ज्यांचा प्रोग्राम बंद होणार त्यांना काय बोलवायचं, म्हणून बोलावलं नव्हतं. माझी सगळ्यात लाडकी स्लाइड होती शनिवारची. अण्णांचा प्रोग्राम दर शनिवारी शेवटच्या पाळीतली एक खुर्ची रिकामी सोडत असे. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाकी सगळं त्यांनी लिहिलं होतं, फक्त एवढंच लिहिलं नव्हतं. मी ती चूक काढून टाकली होती. "वाया जाणारी खुर्ची वाचवली," मी म्हणालो. टाळ्या पडल्या.

पण "वाचलं कुणी" हे काही डोक्यातून जाईना. बुधवारी मी शेजारच्या टेबलवरच्या मित्राला म्हणालो, अण्णांना एकदा वाचून दाखवतो. तो नागपूरचा. त्यानं खुर्ची फिरवून माझ्याकडे पाहिलं.

"काहून बे? ज्याचं घर पाडून राहिला, त्यालेच पाया तपासाले बोलावतं का?"

"चूक निघाली तर ते सांगतील."

"कायले सांगतील? गप बसले तर तुहा प्रोग्राम पडन, त्यायचा जुना परत येईन, अन् कंत्राट वाढन. मी असतो तं गपच बसलो असतो."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच मला अण्णांच्या टेबलापाशी जायला तासभर लागला. त्यांनी माझं ऐकून घेतलं. चष्मा काढला नाही. म्हणाले, "बाय-टू सांग. आणि येताना बारा कागदी कप आण."

बारा कप म्हणजे एका केंद्रातल्या बारा खुर्च्या. मीटिंगच्या टेबलावर त्यांनी ते ओळीनं मांडले. मग पेशंटांच्या चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर नाव आणि वार. नावं ते मनानंच घालत होते, तरी प्रत्येक जण ओळखीचा असल्यासारखी. मी वाचत गेलो, ते चिठ्ठ्या कपात टाकत गेले. सोमवार नीट गेला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. मी खुशीत आलो.

"आता शुक्रवार," अण्णा म्हणाले. "ही सरोजम्मा. सोम, बुध, शुक्र. शुक्रवारी भाचीचं लग्न. तुमकूरला गेली, आली नाही."

"असं कसं? डायलिसिस सोडून लग्नाला?"

"भाचीचं आहे," ते म्हणाले. जणू त्यांनाच आमंत्रण होतं. "शनिवारी सकाळी ती दारात उभी. वाच."

मी वाचलं. शनिवारची पहिली पाळी, बारा कप, बारा चिठ्ठ्या. दुसरी पाळी, बारा. शेवटची पाळी, बारा. मी वाचवलेली खुर्चीसुद्धा भरली. अण्णांच्या बोटांत एक चिठ्ठी उरली. ते मशीन होते, त्यामुळे ती तशीच हवेत धरून बसले.

"रविवार," मी म्हणालो.

"रविवारी केंद्र बंद. तूच लिहिलंयस."

"मग सोमवार. प्रोग्राम तिला सोमवारी टाकतो."

"मशीनला चालतंय. बुधवार ते सोमवार किती दिवस, मोज."

मी बोटांवर मोजले. पाच. पाच दिवस पाणी अंगात साठत राहणार आणि ते बाहेर काढायला काही नाही. मी इंजिनीअर आहे, डॉक्टर नाही, पण छातीत पाणी चढणं म्हणजे काय हे त्या क्षेत्रात राहून मलाही कळत होतं.

कॉफी निवून गेली. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही हे सांगितलं नसतं तर..."

"मी कुठं सांगितलं? मी मशीन होतो."

"पण खुर्ची का सोडली ते तुम्ही प्रोग्राममध्ये लिहिलं का नाही?"

यावर मात्र त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. "माझ्या पहिल्या प्रोग्राममध्ये पण ती खुर्ची नव्हती, तम्मा. मी पण सगळ्या भरल्या होत्या. कोणी वाचून घेतलं नव्हतं. एका शनिवारी कळलं." ते चिठ्ठी घडी घालत होते. "स्वल्प वाईट कळलं. ते एका ओळीत कसं लिहायचं, जमलं नाही."

मी पुढे विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नसतं.

त्या दुपारी मी एआयला सांगितलं, शनिवारी शेवटच्या पाळीत एक खुर्ची रिकामी ठेव. तो म्हणाला, फारच उत्तम कल्पना आहे. मी कारणही लिहिलं, एका नाही, चार ओळींत, लग्नासकट. मग मॅडमना जाऊन सांगितलं की माझी टाळ्यांची स्लाइड चुकीची होती आणि ती चूक अण्णांनी पकडली. त्यांचं कंत्राट वाढवाल का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, चूक निघाली हे चांगलंच झालं, म्हणजे आता सोमवारी सुरू करायला हरकत नाही.

आणि सोमवारी सुरू झाला. काही बिघडलं नाही. शुक्रवारी केक आणला. मॅडम बोलल्या. अण्णांना एक घड्याळ दिलं, ते मनगटावर घातलं की पावलं मोजतं. त्यांनी ते घातलं, दारापर्यंत गेले, थांबून किती झाली ते बघितलं, माझ्याकडे बघून मान डोलावली आणि जिना उतरून गेले.

शनिवारी मला सुट्टी होती. मी केंद्रावर गेलो. शेवटची पाळी दोनला बसते. अकरा खुर्च्या भरल्या. बाराव्या खुर्चीजवळ मी उभा राहिलो, दाराकडे बघत. अडीच झाले. मग पाय दुखायला लागले म्हणून त्याच खुर्चीच्या कडेला जरा टेकलो.

"एद्देळी सार," सिस्टर म्हणाली. उठा. "ते पेशंटसाठी आहे."

तीन वाजता ती म्हणाली, आता कुणी येणार नाही, आलं तरी चार तास पुरे व्हायचे नाहीत. मी बाहेर व्हरांड्यात येऊन अण्णांना फोन लावला.

"अण्णा, कोणी आलंच नाही." पाहुण्याला जेवायला बोलावलं आणि तो फिरकला नाही, तसा माझा सूर होता. "खुर्ची वाया गेली."

पलीकडे ते हसायला लागले. चार वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. ठसका लागेपर्यंत हसले. मागून त्यांच्या बायकोनं विचारलं, "काय झालं हो?" फोन बंद करायचं विसरून ते तिकडे वळले असावेत, कारण त्यांचा आवाज लांब गेला, पण मला स्पष्ट ऐकू येत होता.

"काही नाही गं, सगळे बरे आहेत. तो आमचा पुण्याचा मुलगा नाही का? त्यानं शनिवारी एक खुर्ची रिकामी ठेवायची युक्ती काढली आहे. फार चांगली आहे. बस, तुला सगळं सांगतो."

मी हळूच फोन बंद केला.